रिलिव्हर आल्याशिवाय जायचं नाही

ज्या सभागृहात तेरा माणसं हिरवं होण्यासाठी धडपडत होती, त्याच सभागृहात एक बाई लाल राहण्यासाठी भांडली. ही लढाई मी शेवटून दुसऱ्या रांगेत बसून, गुडघ्यावर समोशाची प्लेट सांभाळत पाहिली आहे. मी नाटकवाला माणूस. दुर्ग-भिलाईच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात तीस वर्षं तोंडाला रंग फासून उभा राहतोय. राजे झालो, प्रधान झालो, एकदा तर दोन्ही एकाच अंकात झालो. पण असा प्रवेश मला कधी मिळाला नाही, आणि मिळाला असता तर मी पहिल्याच वाक्याला विंगेत पळालो असतो.

पण ती लढाई कळायची तर आधी ती बाई कळायला हवी.

सेलोकर मॅडम आमच्या संकुलाच्या समन्वयक. संकुल म्हणजे चौदा सरकारी प्राथमिक शाळांचा गठ्ठा, आणि समन्वयक म्हणजे त्या गठ्ठ्याला बांधलेली दोरी. वरून कोणी ओढलं की तीच ताणली जाते, खालून कोणी ओढलं तरी तीच. आमच्या शाळा हथखोजच्या कारखान्यांच्या आजूबाजूला विखुरलेल्या. शाळा हिंदी, मुलं छत्तीसगढी बोलणारी, त्यात काम शोधत आलेल्या ओडिया आणि बिहारी मजुरांच्या पोरांची भर. या सगळ्यांना वाचता येतं का आणि वजाबाकी जमते का, हे पाहायची जबाबदारी घरी भंडाऱ्याकडची मराठी बोलणाऱ्या एका बाईवर. भिलाईत याचं कोणालाच आश्चर्य वाटत नाही. इथे सगळेच कुठून तरी येऊन कोणाला तरी काहीतरी शिकवत असतात.

बाई उंचीने बेताच्या, आवाज मात्र मागच्या रांगेपर्यंत पोचणारा. रिसालीहून रोज स्कूटीवर यायच्या. डोक्याला स्कार्फ, खांद्याला जाड कापडाची पिशवी, आणि पिशवीत कागदपत्रांच्या जोडीला एक पक्कड आणि तारेचं भेंडोळं. स्कूटीचे दोन्ही आरसे कायम आत वळवलेले. मी एकदा म्हटलं, "मॅडम, मागचं दिसणार कसं?"

"मागचा हॉर्न वाजवते नं. त्याले जाऊ द्याचं. त्याचं तोंड पाहून मी काय करू?"

आणि एक खोड अशी, की लोक भेटल्यावर "कसं काय" विचारतात, तिथे सेलोकर मॅडम विचारायच्या, "काय बिघडलं?" सगळ्यांना, सगळीकडे. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी वराच्या वडिलांना हात जोडून, अत्यंत प्रसन्न चेहऱ्याने विचारलं, "काय बिघडलं?" ते गृहस्थ पाच मिनिटं मांडवाच्या मागे जाऊन चौकशी करत होते.

हा प्रश्न माझ्या वाट्याला पहिल्यांदा आला तो माझ्याच वर्गात. त्या नव्याने समन्वयक झाल्या होत्या. प्रधानपाठकांनी रीतीप्रमाणे खुर्ची पुसून ठेवली, चहा सांगितला. मॅडमनी खुर्चीला वळसा घातला, थेट माझ्या तिसरीत शिरल्या आणि मुलांच्या शेजारी टाटपट्टीवर मांडी घालून बसल्या.

"काय बिघडलं, सर?"

"काहीच नाही, मॅडम. सगळं उत्तम आहे."

"बाप्पा! मंग मी कावून आली?"

मी लगेच माझा हुकमी एक्का उभा केला. एक चुणचुणीत मुलगा होता, कोणी साहेब आले की तोच वाचायचा. त्याने पुस्तक उघडलं आणि खणखणीत आवाजात धडा सुरू केला. मॅडम कौतुकाने पुढे सरकल्या आणि त्यांनी आपला पंजा अलगद त्या पानावर ठेवला. अख्खं पान झाकलं. मुलगा वाचतच राहिला. स्वल्पविराम घेतला, पूर्णविराम घेतला, एका ठिकाणी उद्गारवाचक चिन्हसुद्धा घेतलं. मग थांबला आणि म्हणाला, "मैडम, हाथ हटाओ, पन्ना पलटना है।"

मॅडमनी हात काढला, त्याला पान उलटू दिलं, आणि मला म्हणाल्या, "लय हुशार हाये पोट्टा. याले पुस्तकाची गरजच नाई. फक्त पान पलटवाले लागते."

रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. रागावणाऱ्या साहेबांना मी चहावर निभावून नेतो. या बाईंनी डब्यातला तांदळाचा उकडलेला फरा काढून अर्धा मला दिला आणि त्या मुलाला मांडीशी घेऊन पहिलीच्या पुस्तकातलं पहिलं पान उघडलं. तासाभराने त्याने आयुष्यातलं पहिलं वाक्य खरोखर वाचलं. तीन शब्दांचं होतं. वाचून झाल्यावर तो इतका घामाघूम झाला होता, की मी त्याआधी वर्षभर काय शिकवलं, हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं होतं.

आता त्यांच्या वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या मयत सद्गृहस्थांमुळे झाला. भंडाऱ्याकडची धानाची शेती भावांवर सोडून ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये, लागले आणि आयुष्यभर शिफ्टमध्ये जगले. शिफ्टचा एक नियम असतो: बदली येणारा माणूस, म्हणजे रिलिव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो आला की नुसतं "चाललो" म्हणायचं नाही. काय चालू आहे, काय बंद आहे, काय अडकतंय, सगळं तोंडी सांगायचं, वहीत लिहायचं आणि मगच निघायचं. एकदा ते घरी पोचले, हात धुऊन जेवायला बसले आणि दुसऱ्या घासाला त्यांना आठवलं, एक व्हॉल्व जरा जड फिरतो हे सांगायचं राहिलं. ताटावरून उठले, सायकल काढली आणि थेट प्लांटच्या गेटवर. निरोप पाठवून रिलिव्हरला बाहेर बोलावलं. तो म्हणाला, "अरे, वो तो मैंने देख लिया था।" हे म्हणाले, "तूने देख लिया, वो तेरा काम। मैंने नहीं बताया, वो मेरा गलती।" आणि घरी येऊन थंड भात जेवले.

"आमच्या घरून पावना निंगाला," मॅडम सांगायच्या, "का बाबा त्याले दारापर्यंत सोडाले जात, आन सांगत, तिसरी पायरी हालते, गेटची कडी अडकते, गल्लीतला काळा कुत्रा चावरा हाये. पावन्याले वाटे, याले आपन पुन्हा येऊच नाई असं वाटून राहिलं."

हाच नियम मॅडमनी चौदा शाळांना लावला. एप्रिलच्या शेवटी परीक्षा संपल्या की प्रत्येक वर्गाची हँडओव्हर. तिसरीच्या मास्तराने आपलं एकेक मूल चौथीच्या बाईंच्या ताब्यात द्यायचं, समोरासमोर, मुलाला मध्ये उभं करून. याला काय येतं, काय येत नाही, कुठे अडकतो, हे सांगायचं. घेणाऱ्याने तपासून पाहायचं आणि वहीत सही करायची.

"बिघाड सांगनं गुन्हा नाई," त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. "कोनीच कोनाले बोल नाई लावाचा. लपवनं गुन्हा हाये."

पहिल्या वर्षीची हँडओव्हर म्हणजे आमच्या शाळेत झालेलं सर्वोत्तम नाटक, आणि दुर्दैवाने त्यात माझी भूमिका होती. चौथी घेणार होत्या नायर मॅडम. अत्यंत सरळ बाई. खडूचा तुकडासुद्धा मोजून वापरणाऱ्या. मी खिलेश्वरी नावाची मुलगी पुढे केली. दोन वेण्या, लाल रिबिनी. मी वहीत आधीच लिहून ठेवलं होतं: गणित, अति उत्तम.

नायर मॅडमनी फळ्यावर बावन्नातून सतरा वजा मांडले. खिलेश्वरीने क्षणभरात उत्तर लिहिलं: पंचेचाळीस.

"मैं ये बच्ची नहीं लूँगी," नायर मॅडम म्हणाल्या, जणू मी त्यांना फुटका माठ विकत होतो.

"गलती से हुआ है," मी म्हटलं. "बेटा, फिर से करो।"

खिलेश्वरीने पुन्हा केलं. पंचेचाळीस. तिसऱ्यांदा केलं. पंचेचाळीस. तिच्या चिकाटीला दाद द्यावी तितकी थोडीच.

सेलोकर मॅडम तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "बिटिया, कैसे किया, मेरेको बता।"

खिलेश्वरीने सात आणि दोन यांच्यावर बोट ठेवलं. "बड़े में से छोटा घटाना है। सात में से दो, पाँच।" मग पाच आणि एकावर. "पाँच में से एक, चार।" आणि माझ्याकडे बोट दाखवून तिने अभिमानाने साक्ष दिली, "गुरुजी बताए हैं। हमेशा बड़े में से छोटा।"

सांगितलं होतंच. पहिल्या आठवड्यात, हातचा यायच्या आधी, सोपं जावं म्हणून. पोरगी इतकी आज्ञाधारक, की वर्षभर तिने माझा शब्द मोडला नव्हता. पुढे मी हातचा शिकवला तेव्हा तिने तो फळ्यावरून वहीत सुबक उतरवून घेतला होता आणि मनात माझं जुनंच वाक्य सांभाळून ठेवलं होतं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "अति उत्तम खोडा जी. खरं लिहा."

आता सगळ्यांसमोर काय लिहिणार? भिलाईतच उभं आयुष्य गेलं आहे, शेजारीपाजारी सगळे प्लांटवाले. मी खोडसाळपणाने लिहिलं, 'घटाव में लीकेज।' मला वाटलं होतं, बाई चिडतील. त्यांनी वाचलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "बराबर. कोन्या पाईपातून?"

त्यानंतर साथच पसरली. चौदा शाळांतले निम्मे शिक्षक प्लांटवाल्यांची लेकरं. वहीत कोणी लिहिलं, 'पठन ठीक, वार्म-अप में समय लगता है।' कोणी लिहिलं, 'मात्रा जाम, ग्रीसिंग चाहिए।' एका आईबापाविना वाढणाऱ्या मुलापुढे कोणीतरी लिहिलं होतं, 'मशीन अच्छी है, सुबह खाली पेट आती है।' ही वही पुढे वरच्या एका साहेबांच्या हाती पडली. त्यांनी ती पाचेक मिनिटं उलटसुलट पाहिली आणि विचारलं, ही प्राथमिक शाळा आहे की वर्कशॉप? "एकच हाये सर," मॅडम म्हणाल्या, "फक्त इथं भंगार निघत नाई." हिंदीतच म्हणाल्या असणार, पण मला ते वाक्य त्यांच्या मराठीतच आठवतं.

बिघाड कळला की दुरुस्ती आली. रोजचा शेवटचा तास त्यांनी दुरुस्तीचा केला. त्या तासाला तिसरी-चौथी-पाचवी असे वर्ग मोडायचे आणि ज्याला जे येत नाही त्याप्रमाणे घोळके करायचे. पाचवीचा ताडमाड मुलगा अक्षरांच्या घोळक्यात, तिसरीची चिमुरडी गोष्टींच्या घोळक्यात. गणितासाठी हथखोजच्या एका वर्कशॉपमधून मॅडमनी टाकाऊ वॉशर पिशवीभर आणले. दहा वॉशर तारेत ओवून पकडीने पीळ दिला की झाला एक दशक. बावन्न म्हणजे पाच कडी आणि दोन सुटे. सतरा काढायचे तर सात सुटे हवेत, आहेत दोनच; मग एका कड्याचा पीळ सोडल्याशिवाय सुटका नाही. खिलेश्वरीने तो पीळ पहिल्यांदा सोडला तेव्हा वॉशर खणखणत फरशीवर पसरले. ती त्यांच्याकडे पाहत राहिली, आणि मग हळूच म्हणाली, "अच्छा, तोड़ना पड़ता है!" पुढचा आठवडा ती दिसेल ती कडी सोडत सुटली होती. मी रात्री स्वयंपाकघरात बावन्नातून सतरा बटाट्यांवर करून पाहिले. मलाही तेव्हाच कळलं.

हे सगळं हळू चालायचं. आणि सरकारी कार्यक्रम वेगात चालतात. दर दोन वर्षांनी नवा यायचा. मी तर त्यांच्या प्रशिक्षणांत टाळ्या वाजवायचे सात प्रकार शिकलोय. या खेपेच्या कार्यक्रमाचं नाव होतं 'गणित-गरुड़'. भाषेला वेगळा पक्षी मिळाला नसावा. वाचनही त्याच गरुडाच्या पाठीवर बसवलं होतं. मोबाइलच्या अ‍ॅपवर प्रत्येक संकुलाला रंग. मुलांना येत नसेल तर लाल, येत असेल तर हिरवा. लाल संकुलाला मदत म्हणून तीन तरुण शिक्षिका तात्पुरत्या मिळायच्या. संकुल हिरवं झालं की मदत बंद. मुली दुसऱ्या दिवशीपासून घरी. दुरुस्तीचा तास या तिघींच्या जोरावर उभा होता. हिरवं करायचं तर समन्वयकाच्या मोबाइलवर ओटीपी यायचा, तो टाकायचा, की चौदा शाळांतल्या मुलांना एका क्षणात वाचता यायला लागायचं.

आता सभागृह. समन्वयकांची बैठक होती, आणि मॅडमनी वह्या उचलायला मला सोबत नेलं होतं. शिक्षण खात्याच्या साहेबांना आपल्या हाताखालची चौदाच्या चौदा संकुलं हिरवी झाल्याची घोषणा करायची होती. पडद्यावर तेरा हिरवे ठिपके, एक लाल. टेबलावर प्लास्टरचे चौदा गरुड ओळीने मांडलेले.

"सेलोकर मैडम, आपका लाल क्यों है?"

"सर, क्योंकि लाल है।"

सभागृहात समोसे थांबले.

"मैडम, मैं खुद आपके स्कूल गया था। एक लड़की ने मेरे सामने घटाव किया। क्या नाम था…"

"खिलेश्वरी।"

"फर्स्ट क्लास किया! फिर?"

"सर, उसको आता है। उसके बगल में जो लड़का बैठा था, वो आठ दिन पहले आया है, बाप हथखोज में काम पे लगा है। उसको अपना नाम पढ़ना नहीं आता। आपने उससे नहीं पूछा।"

"तो उसको सिखाइए।"

"वही तो कर रही हूँ, सर। वो सीखेगा, तब तक दूसरा आएगा। हमारे यहाँ हर महीने आते हैं। आप हरा करोगे, तो तीनों लड़कियाँ चली जाएँगी। लड़का वहीं बैठा रहेगा।"

साहेबांचा आवाज मऊ झाला. साहेबांचा आवाज मऊ होतो तेव्हा मी नेहमी प्लेट खाली ठेवतो. "मैडम, आपके एक संकुल के कारण पूरा काम रुका है। सब हरे हैं। आपको अच्छा लगता है, अकेले लाल रहना?"

मॅडम उभ्याच होत्या. त्यांनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"सर, मेरे बाबा भट्टी पे थे। वो बोलते थे, चालू भट्टी लाल रहती है। लाल नहीं है, मतलब बंद है।"

कोणी टाळी वाजवली नाही. सात प्रकार येत असूनही नाही. माझ्या हातात समोसा होता, ही सबब मी आजही देतो. बाहेर पडताना मात्र दोन हिरवे समन्वयक त्यांच्यामागे जिन्यात घुटमळले, आणि त्यातल्या एकाने हळूच विचारलं, "मैडम, वो वॉशर कहाँ से मिलते हैं?"

ऑफिसातल्या बाबूंनी ओटीपीसाठी दुपारपासून फोन लावले. मॅडमचा फोन बटणांचा, जुना. त्या प्रत्येक वेळी उचलायच्या.

"मैडम, एक नंबर आया होगा, बता दीजिए।"

"बाबूजी, बैंकवाले बोलते हैं, ओटीपी किसी को नहीं बताना।"

"मैडम, मैं बैंक थोड़े ही हूँ!"

"वही तो। बैंक को भी नहीं बताती, तो आपको कैसे बताऊँ?"

त्यांना हटवणं कठीण नव्हतं. पण त्यांची निवृत्ती सहा महिन्यांवर आली होती आणि साहेब समजूतदार होते. त्यांनी वाट पाहायचं ठरवलं. प्लास्टरचा चौदावा गरुड ऑफिसच्या कपाटावर धूळ खात बसला, मॅडम जायची वाट पाहत.

नियम असा होता, की जाणाऱ्या समन्वयकाने शेवटच्या दिवशी कामाची वेळ संपायच्या आत संकुलातल्या कोणा जुन्या शिक्षकाला लेखी चार्ज द्यावा. दिला नाही, तर नवा माणूस येईपर्यंत चार्ज ऑफिसकडे. म्हणजे ओटीपीही ऑफिसकडे. म्हणजे संध्याकाळी हिरवं आणि सकाळी तिन्ही मुली घरी. त्या दिवशी मॅडम सकाळपासून स्कूटीवर शाळा-शाळा हिंडत होत्या. नायर मॅडमनी रक्तदाबाचं कारण दिलं. एकाला मुलीचं लग्न होतं, एकाला बदली हवी होती. साहेबांशी वैर कोण घेणार?

पावणेचारला मी हेल्मेट घालून फाटकाकडे निघालो होतो. शाळा चारला सुटते. मॅडम फाटकात उभ्या.

"काय बिघडलं?" मी आधीच विचारून टाकलं. निदान त्यांचा संवाद तरी त्यांच्या आधी घ्यावा.

"रिलिव्हर आला का तुमचा, चालले ते?"

मी हेल्मेट काढलं.

"चार्ज घ्या," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच धाप होती.

"मॅडम, चौदा शाळांत तुम्हाला मीच सापडलो? अहो, नायर मॅडमना पुन्हा विचारा. तुमच्यासारखी सरळ बाई."

"सरळ हाये म्हूनच नाई पायजे. सरळ मानूस साहेबाच्या दुसऱ्या फोनले घाबरते आन नंबर सांगून देते. तुमाले खोटं बोलता येते."

"हा मी माझा गौरव समजू?"

"समजा नं. गनपतीत पाह्यलं तुमाले मी. दुसऱ्या अंकात संवाद इसरले होते तुमी. तरी पंधरा मिन्टं कोनाले पत्ता लागू देला नाई. मागून सूचना देऊन राहिले होते, तुमी त्याहीले बी उत्तर देलं. मले असाच मानूस पायजे."

मी शाळेकडे पाहिलं. दुरुस्तीचा तास चालू होता. व्हरांड्यात खिलेश्वरी, आता पाचवीतली, तीन नव्या पोरांपुढे बसून कड्याचा पीळ सोडत होती. एकाच्या अंगात अजून शाळेचा गणवेश नव्हता. "तोड़, तोड़," ती सांगत होती. "डर मत, फिर जुड़ जाथे।"

"आणा ती वही," मी म्हटलं.

चार वाजायच्या आत मॅडमनी चार्जच्या कागदावर माझी सही घेतली, त्याचा फोटो माझ्याच मोबाइलवरून ऑफिसला पाठवायला लावला, आणि मग मला चौदा शाळा दिल्या. खुर्चीत बसवलं, समोर उभ्या राहिल्या आणि एकेक सांगत गेल्या. इथे नळ गळतो. इथल्या दुसरीत सहा मुलं अक्षरांत अडकली आहेत, त्यांची नावं ही. इथल्या प्रधानपाठकांना ऐकू कमी येतं पण ते कबूल करत नाहीत, मोठ्याने बोला. इथे पावसाळ्यात मागच्या बाजूने साप निघतो. इथला मास्तर चांगला आहे, बायको आजारी आहे, त्याला शनिवारी काही सांगू नका. चार वाजले, पोरं गेली, शिपायाने दोनदा किल्ल्या वाजवल्या. पाच वाजून गेले. शेवटी चौदावी शाळा आली, आमची. मॅडमनी वहीत पाहून वाचलं:

"तिसरीचे मास्तर. मशीन चांगली. वार्म-अपले वेळ लागते. पावनेचारले आपोआप बंद होते."

"हे लिहिलंय तुम्ही?"

"खरं हाये का नाई? सही करा."

मी सही केली. माझ्याच बिघाडाखाली माझीच सही. त्यांनी वही मिटली, पिशवीतून पक्कड आणि तारेचं भेंडोळं काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि रिकामी पिशवी घडी घालून काखेत घेतली. हारतुरे, शाल, भाषण काहीच नव्हतं. ऑफिसचा समारंभ दुपारी होता आणि त्या वेळी त्या रिलिव्हर शोधत हिंडत होत्या.

"बाबा म्हनत," त्या पायऱ्या उतरता उतरता म्हणाल्या, "एकदा देलं का मंग मागं नाई पाहाचं. मागं पाह्यलं, का रिलिव्हरले वाटते आपल्यावर भरोसा नाई."

त्या स्कूटीजवळ पोचतात न पोचतात, तोच माझा फोन वाजला. ऑफिसचा नंबर. चार्जचा कागद तिकडे साहेबांपर्यंत पोचला असणार.

"सर जी, बधाई हो! मैडम निकल गईं?"

मी व्हरांड्यात उभा होतो. मॅडम पाठमोऱ्या, स्कार्फची गाठ बांधत होत्या. त्या गाठीला इतका वेळ कधीच लागत नसे.

"बस, निकल ही रही हैं।"

"तो एक छोटा-सा काम है। अभी आपके मोबाइल पे एक नंबर आएगा, वो बता दीजिए। साहब लाइन पे हैं।"

नंबर आलाही. सहा आकडे, स्पष्ट, ठळक. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग घसा खाकरला, आणि माझ्या तीस वर्षांच्या कारकिर्दीतला सर्वात लांब प्रवेश सुरू केला.

"हैलो? हैलो? बाबूजी, आवाज़ कट रही है… हाँ, नंबर? कौन-सा नंबर? नहीं-नहीं, यहाँ कारखाने का भोंगा बज रहा है… हैलो? साहब को मेरा प्रणाम कहिए… प्रणाम! प-र-णा-म…"

स्कूटी सुरू झाली. फाटकातून बाहेर पडली आणि हथखोजच्या धुळीच्या रस्त्याला लागली. मॅडमनी मागे वळून पाहिलं नाही. एकदाही नाही.

फक्त उजवा आरसा बाहेर वळवलेला होता.